कोशिंबीर उजवीकडे

आषाढी एकादशीला काका-काकू पुण्याहून साताऱ्याला आले, तेव्हा काकांच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला वजनकाटा होता. "तुमच्याकडचा खोटं बोलतो," असं त्यांचं म्हणणं. आमचा काटा त्यांना दोन किलो जास्त दाखवतो, एवढाच त्याचा गुन्हा.

निवृत्त झाले तेव्हा काका ७९ किलो होते. गेल्या दिवाळीत त्यांनी दोनदाच जेवायचं व्रत घेतलं, होळीपर्यंत ७३ वर आले आणि आषाढीला पुन्हा ७८. मौज अशी, की व्रत सुटलेलं नव्हतं. पथ्य चालू आणि वजनही चालू. त्या दिवशी आई आणि ते दुपारभर यावरच भांडत बसले. भांडत म्हणजे आमच्या घरात ज्याला बोलणं म्हणतात ते.

दोन वेळा जेवण्याचा विचार मुळात नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो महाराष्ट्राच्या घराघरांत नेला. खरी कडकडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत उरकायचं. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. याच्या नेमकं उलट ऋजुता दिवेकरांचं : थोडं थोडं, पण दर दोन तासांनी खा, आणि आपल्या मातीतलं खा. मधे एक काळ असा होता, की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून दोन तट पडले होते. एक आतेभाऊ अजून एका मावसबहिणीशी बोलत नाही.

आई कुठल्याच तटात नव्हती. तिचं एकच पालुपद : भुकेल्या माणसाचं पथ्य टिकत नाही.

"वहिनी, भूक सोसल्याशिवाय वजन उतरत नाही," काकांनी सुरुवात केली. "पोटात कालवाकालव झाली की समजायचं, चरबी जळतेय."

"ती किती वाजता होते तुम्हाला?"

"साडेपाचला. पण मी सातपर्यंत कळ काढतो."

"आणि सातला?"

काका काही बोलले नाहीत. काकू बोलल्या. "सातला ह्यांना वाढायला माझे दोन हात पुरत नाहीत. पंचावन्न मिनिटं म्हणजे पूर्ण पंचावन्न मिनिटं. घड्याळ समोर ठेवतात. पन्नासाव्या मिनिटाला विचारतात, आणखी काय आहे?"

"नियमातच आहे ते," काका म्हणाले.

"आत म्हणजे आत, भाऊजी. पुरी वापरायलाच हवीत असं थोडंच आहे?"

बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला मुदत पूर्ण वापरायची सवय असते, हे मला समजू शकतं. पण काकूंनी पुढे जे सांगितलं त्यानं मी कान टवकारले. रात्री दहाला दिवा मालवला, की काका पांघरुणात मोबाइल घेऊन मिसळीचे व्हिडिओ पाहतात. कोल्हापूरची, नाशिकची, कुणी चुलीवर केलेली. खात नाहीत, नुसते पाहतात.

हे मी वाचलेलं होतं. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने साधारण निम्म्या आहारावर ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं सावरायचं, हे शोधण्यासाठी. ते तरुण स्वेच्छेनं आलेले, धडधाकट. काही महिन्यांत त्यांच्या बोलण्यात अन्नाशिवाय दुसरं काही उरलं नाही; कित्येकजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. काकांची अवस्था अर्थातच तेवढी बिकट नव्हती, त्यांचं सातचं जेवण पाहता मुळीच नव्हती. पण पोट रिकामं ठेवलं की डोकं अन्नानं भरतं, हे तेच.

"म्हणजे मी मनाचा कच्चा असं तुम्हा दोघींचं म्हणणं," काका म्हणाले.

"मनाचा काय संबंध?" आई म्हणाली. "तहान लागली की पाणी प्यायचं, याला कुणी मनाचा कच्चेपणा म्हणतं का?"

मी त्यांना २०११ सालचा मेलबर्नचा अभ्यास सांगितला. ५० जाड माणसांना दहा आठवडे अगदी कमी खायला देऊन त्यांचं वजन उतरवलं. वर्षभरानं पाहिलं, तरी भूक वाढवणारी संप्रेरकं रक्तात चढीच आणि पोट भरल्याचा निरोप देणारी उतरलेलीच. शरीर आपली ठेव परत मागत राहतं. काकांना 'ठेव' हा शब्द आवडला. "चक्रवाढ व्याजानं मागतं," ते म्हणाले आणि जरा सैलावले.

तेवढ्यात बारा वाजले. काकांचं पहिलं जेवण.

एकादशी म्हणजे खिचडी. काका त्याच अपेक्षेनं पाटावर बसले होते. आईनं समोर ताट ठेवलं त्यात दोन उकडलेली रताळी, मोठ्या वाडग्यात दाण्याचं कूट घातलेली काकडीची दह्यातली कोशिंबीर, पेलाभर ताक आणि एका लहान वाटीत, अगदी आमटीच्या वाटीत, खिचडी.

"हे काय? एकादशी आहे की आजारपण?"

"एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याच घराण्यावरून पडली असणार," आई म्हणाली. "खिचडी आहे की. आधी ते संपवा, मग ही. मग आणखी हवी तर आणखी."

काका धुसफुसत रताळी सोलू लागले. मी त्यांच्याच भाषेत, म्हणजे आकड्यांत, त्यांची समजूत घालायला बसले. एका बशीत साबुदाणा ७५ ग्रॅम धरा. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावापुरतीच. झाल्या २६५ कॅलरी. कूट ३० ग्रॅम, १७०. मोठा चमचाभर तूप, १२०. चार फोडी बटाट्याच्या, ४०. बेरीज सहाशेच्या घरात. आता समोरचं ताट : दोन रताळी १८०, कोशिंबीर दीडशे, ताक चाळीस, वाटीभर खिचडी दोनशे.

काकांनी रताळं हातात धरून तोंडी बेरीज केली. "पाचशे सत्तर. म्हणजे तेवढंच की! मग फरक काय?"

"वजन करा," आई म्हणाली. "आणलाय ना काटा?"

त्या काट्यावर ताट मोजणं शक्य नव्हतं; स्वयंपाकघरातला लहान काटा काढला. बशीभर खिचडी पाव किलोला थोडी कमी भरली. समोरचं ताट, ताक धरून, पाऊण किलोच्या वर गेलं. कॅलरी त्याच, पोटात जाणारा ऐवज तिप्पट. आणि काका एका बशीवर कधीच थांबत नाहीत.

आईचा सगळा मुद्दा एवढाच होता, फक्त तिला तो असा मांडता येत नव्हता. पोट कॅलरी मोजत नाही. जठराची भिंत ताणली गेली की मेंदूला निरोप जातो. तो पोचायलाही पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाणी आणि चोथा ज्यात जास्त ते जागा व्यापतं आणि अंगावर चढत नाही. तेल-तूप, साखर, मैदा हे उलट. जागा चिमूटभर घेतात आणि हिशोब मोठा. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी यावर आयुष्य घातलं. त्यांच्या एका प्रयोगात जेवणाआधी भाज्यांचं सूप दिलं, तर सुपासकट एकूण खाणं सुमारे २० टक्क्यांनी कमी झालं. नुसतं पाणी पिऊन हे साधत नाही. पाणी अन्नात मुरलेलं हवं. आपल्याकडे त्याला कढण म्हणतात, सार म्हणतात, ताकाची कढी म्हणतात. ते आपण भाताबरोबर ओरपतो, आधी पीत नाही, इतकंच.

आणि बटाटा! वजन म्हटलं की पहिला हद्दपार होतो तो. सिडनी विद्यापीठात १९९५ साली सुझाना होल्ट यांनी ३८ पदार्थ प्रत्येकी २४० कॅलरींच्या मापानं लोकांना खायला घातले आणि दोन तास त्यांची भूक विचारत राहिल्या. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर सगळ्यांत वर उकडलेला बटाटा, ३२३. तळाला लोणीदार क्रोसाँ, ४७. आता २४० कॅलरींचे उकडलेले बटाटे म्हणजे मध्यम आकाराचे तीन. तेवढ्याच कॅलरींचे वेफर्स म्हणजे एक लहानसं पाकीट. दोन्ही उपासाला चालतात. आपण काय खातो, हे एकादशीला कुठल्याही दुकानात जाऊन पाहावं.

"हे सगळं ठीक आहे," कोशिंबिरीचं वाडगं संपवत काका म्हणाले, "पण वहिनी, पोट भरलं म्हणजे मन भरतं का? काकडी खाऊन कुणी तृप्तीचा ढेकर दिल्याचं मी तरी ऐकलं नाही."

"म्हणून तर खिचडी ठेवली ना. मी काही सोडायला सांगत नाही हो. मी भातही सोडलेला नाही. फक्त जागा बदलली."

जागा बदलली म्हणजे काय, ते तिनं बोटानं ताटावर दाखवलं. आपल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं आणि कोशिंबीर. डावीकडचं चाखायचं, उजवीकडचं खायचं. कोशिंबीर चमचाभरच वाढतात, कारण ती डावीकडची. तीन वर्षांपूर्वी बाबांची साखर काठावर आली, तेव्हा आईनं कोशिंबीर उचलून उजवीकडे आणली. वाटीभर कोशिंबीर, वाटीभर पालेभाजी, वाटीभर मटकीची नाहीतर मुगाची उसळ, हे आधी. मग भाकरी. शेवटी ताकाशी मूदभर भात. सकाळच्या पोह्यांतही तोच प्रकार : कांदा, मटार, गाजर, फरसबी इतकी, की बाबा त्याला 'भाजीतले पोहे' म्हणतात. रात्री आधी कढण, मग उरल्या भुकेला भाकरी किंवा कुळथाचं पिठलं. "उसळ खाल्ली की भाकरी आपोआप अर्धी होते. मी कुणाच्या ताटातली काढून घेत नाही."

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जो आहार सुचवला तो याहून फार वेगळा नाही. निम्मं ताट भाज्या आणि फळांचं. दिवसाला भाज्याच ४०० ग्रॅम. आईनं तो वाचलेला नाही. वाचला असता तर म्हणाली असती, बाजारहाट कुणी करायचा ते लिहा की. खरंच आहे, चारशे ग्रॅम भाजी निवडायची, चिरायची, कोचवायची, ती काही संस्था करत नाही. आमच्या घरी आता गवार बाबा मोडतात. हा आहारातला बदल धरावा की नाही, मला ठरवता येत नाही.

"आणि तुमच्या त्या पद्धतीतसुद्धा जेवणाआधी कच्च्या भाज्या आणि मोड आलेली कडधान्यं सांगितलीत," मी काकांना म्हटलं. "ती खाता का?"

काका काकूंकडे पाहू लागले. काकू म्हणाल्या, "घड्याळ तेवढं घेतलं ह्यांनी. वाट्या ठेवल्या तिथंच."

इथवर आई जिंकत होती. मग ती कढई घासायला टाकायला उठली, आणि काका तिच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आई ओट्याशी उभी राहून उलथन्यानं कढईची खरवड काढून खात होती. तळाची, तुपात कुरकुरीत झालेली.

"वहिनी, ही कढई कुठल्या वाटीत धरायची? डावीकडच्या की उजवीकडच्या?"

"टाकवत नाही हो."

"नातवाच्या ताटातलं टाकवत नाही, कढईतलं टाकवत नाही. सकाळी साडेदहाला काय खाल्लंत? मी पाहिलं. शेंगदाणे भाजताना मूठभर. साडेअकराला खिचडीची चव. पाटावर बसण्याआधी तुमचं निम्मं जेवण झालेलं असतं." काका आता बँकेच्या तपासणीला आल्यासारखे बोलत होते. "पोट भरायचं शास्त्र तुमचं बरोबर. पण पोट भरलेल्या माणसाचा हातसुद्धा डब्यात जातो, त्याचं काय? आमचे अण्णा दुपारी एकला जेवायचे आणि रात्री आठला. मधे काही नाही."

"मामंजी रोज बारा किलोमीटर सायकल मारायचे, ते विसरलात."

"सायकल मारायचे, पण डबा उघडत नव्हते."

या ठिकाणी मला काकांचं पटलं, आणि मी तसं म्हणालेही. आईला राग आला. तिनं कढईत पाणी ओतलं. पण खोटं कशाला सांगू, आमच्या घरात भूक लागून खाल्लेलं कमी आणि समोर आलं म्हणून खाल्लेलं जास्त. चारचा चहा एकटा येत नाही, खारी घेऊन येतो. तीन कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला सहा चमचे, १२० कॅलरी, आणि त्यानं भुकेचा ढिम्म फरक पडत नाही. पाकिटातलं खाणं तर भुकेच्या नकळत आत जातं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ साली २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे घरच्यासारखं शिजवलेलं अन्न दिलं. हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. वाढलेल्या ताटांत साखर, स्निग्ध पदार्थ, तंतू सारखेच. तयार अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली, आणि भरभर खाल्लं. भाकरी चावावी लागते, खारी विरघळते.

काकांचं कुंपण त्यासाठी चांगलं आहे. जेवणाच्या वेळा ठरल्या की बाकी वेळी 'खाऊ का नको' हा प्रश्नच पडत नाही, आणि तो प्रश्न दिवसातून वीसदा पडणं हाच खरा त्रास. फक्त मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा उडवू नयेत. साखर एकदम उतरते आणि माणूस घामाघूम होऊन बसतो.

पण दुपारचा कळस व्हायचा होता, आणि तो तेलानं केला.

काकू सहज म्हणाल्या, की तेलाचा पाच लिटरचा कॅन पूर्वी दोन महिने जायचा, हल्ली सहा आठवड्यांत संपतो. काका एकदम ताठ बसले. "किती दिवस?"

"बेचाळीस धरा."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि कालनिर्णयाच्या मागे मांडलं. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. माणसं दोन, दिवस बेचाळीस; भागिले चौऱ्याऐंशी. माणशी रोज ५४ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी. ४८६.

"पोषण संस्था तीस ग्रॅमच्या आतच म्हणते," मी म्हटलं.

काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. साडेपाच ते सात कळ काढून दीड तास जे वाचवायचं, ते फोडणीत चाललं होतं. आणि दोनच जेवणं म्हणून ती चमचमीत व्हायला लागली होती : घडीच्या पोळीला आतून तेल, वरून तूप, भाजीला तवंग, बाजूला तळलेली मिरची. काकूंचा दोष नव्हता. उपाशी माणूस जेवायला बसतो तेव्हा वाढणाऱ्याचा हात सैलच सुटतो.

"वहिनी, तुमचा कॅन किती जातो?"

आईला माहीत नव्हतं. तिला तेल पळीत कळतं, लिटरमध्ये नाही. पण पळी तिनं बदलली होती. जुनी मोठी पितळी पळी कपाटात ठेवून चहाचा चमचा फोडणीला घेतला होता. "पहिले पंधरा दिवस भाजी गळ्याखाली उतरेना. मग जिभेला कळेनासं झालं."

संध्याकाळी सात वाजता काका जेवायला बसले, तेव्हा आईनं न विचारता आधी भोपळ्याचं उपासाचं सार दिलं. त्यांनी ते प्यायलं, वर आणखी अर्धी वाटी मागितली, वरीचा भात खाल्ला आणि उठले. घड्याळात सव्वासात झाले होते. कुणी काही बोललं नाही. जाताना वजनकाटा आमच्याकडेच विसरले. फोन करून सांगितलं तर म्हणाले, राहू दे.

मधे श्रावण गेला, गणपती येऊन गेले, मोदकही झाले. आईनं कढईची खरवड सोडलेली नाही, पण चारच्या चहातला एक चमचा साखर कमी झाली आहे आणि खारी फक्त रविवारी येते. परवा काकूंचा फोन आला. पाच लिटरचा कॅन या खेपेला ७१ दिवस पुरला. काकांनी त्याचा भागाकार करून आकडा फ्रिजवर चिकटवला आहे : माणशी ३२ ग्रॅम. वजन किती झालं ते त्यांनी सांगितलं नाही. काटा आमच्याकडेच आहे.